अकरा दिवस फोनाविना

गेल्या पावसाळ्यातील एका मंगळवारी, एका आजाऱ्याची भेट घेऊन परतत असता, आमचा फोन ओढ्यात पडला. मोरीवरून पाणी वाहत होते, आम्ही मोटारसायकल उतरून ढकलीत होतो, आणि वाकताना रेनकोटाच्या खिशातून तो निसटला. दगडांत अडकलेला तो पुन्हा हाती यावयास पाच मिनिटेही लागली नाहीत. परंतु पाण्याला पाच मिनिटे पुष्कळ झाली. त्यानंतर तो दुरुस्त होऊन येईपर्यंत अकरा दिवस लोटले.

या अकरा दिवसांची हकिगत वाचकांपुढे मांडावी की न मांडावी, याविषयी आमचे मन बरेच दिवस डळमळत होते. कारण तिच्यात आमचा एक प्रमाद आहे. तथापि जो प्रमाद आमच्या हातून घडला तो कोणत्याही घरी घडू शकेल अशी आता आमची खात्री झाली आहे. म्हणून हे लिहीत आहो.

प्रथम हसण्याजोगे ते सांगतो. बुधवारी पहाटे आम्हांस जाग आली ती दारावरील थापांनी. घंटा वाजविणारे आमचे वृद्ध सेवक ओल्या घोंगडीत दारात उभे होते. “फादर, सव्वासहा झाले. लोकं येऊन बसली.” मिस्सेची वेळ सहाची. गजराचे घड्याळ आमच्या खोलीत नव्हते. गजर फोनात होता. मिस्सा आटोपून दैनिक प्रार्थना म्हणावयास बसलो, तो ध्यानात आले की गेली सहा-सात वर्षे आमचा प्रार्थनाग्रंथही त्या फोनातच आहे. दीक्षेच्या वेळी भेट मिळालेले जाडजूड खंड कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली काढले. त्यांवर धूळ होती, आणि रेशमी फिती ज्या पानांत कधीकाळी ठेविल्या होत्या तेथेच होत्या.

त्याच दिवशी एस. टी. स्टँडवर जाऊन बेळगावची गाडी पकडावयाची, तर तिची वेळ ठाऊक नाही. गाडीत बसलो, तर खिशात रोकड तिकिटापुरती. गुरुवारी गॅसची गाडी आली. सिलिंडर हाती देण्यापूर्वी ग्राहकाच्या फोनवर आलेला चार आकडी संकेतांक सांगावा लागतो, हे वाचक जाणतातच. तो संकेतांक आमच्या मृत फोनात आला असेल वा नसेल; सिलिंडर मात्र आल्या वाटेने परत गेला, आणि आमच्या स्वयंपाकिणीने दोन दिवस चूल पेटविली. ती आनंदाने पेटविली असे म्हणता येणार नाही.

त्या रात्री आम्ही वही घेऊन मांडून पाहिले. घड्याळ, गजर, विजेरी, दिनदर्शिका, कॅमेरा, नकाशा, वर्तमानपत्र, पैशाचे पाकीट, बँकेचे पुस्तक, टिपणवही, पत्रपेटी, प्रार्थनाग्रंथ, शब्दकोश, आकडेमोडीचे यंत्र, रेडिओ, फोटोंचा अल्बम आणि सरतेशेवटी फोन, अशा सतरा वस्तू आमच्या खिशातून एकाच वेळी ओढ्यात पडल्या होत्या. त्यांतील फोन हा आम्ही सतरावा लिहिला, हेही आम्हांस नंतर लक्षात आले.

हे असे केव्हा झाले? ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले. भारतातील मोबाईल सेवेचा तो प्रारंभ. त्या यंत्राचे काम बोलणे एवढेच होते. २००७ साली ॲपल कंपनीने आयफोन विक्रीस आणला, दुसऱ्याच वर्षी अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला, आणि बोलण्याचे यंत्र इतर सारी कामे करू लागले. २००९ साली व्हॉट्सॲप निघाले व पत्रे त्यात गेली. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली, आणि दुःखाचा निरोपही तेथेच गेला. २०१६ साली यूपीआय सुरू झाले व पाकीट गेले. यांपैकी प्रत्येक वस्तू देताना आपल्याला थोडी सोय वाटली, आणि आपण ती दिली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी नेहमी असे. ओसरी आपणच दिली. पसरणाराला दोष कसा द्यावा?

येथपर्यंत सारे गैरसोयीचे. गैरसोयीची मौजही असते. खरी टोचणी लागली ती बेळगावच्या दुकानात. दुरुस्ती करणाऱ्याने फोन उघडून पाहिला, भाग मागवावा लागेल म्हणाला, आणि दोन दिवसांनी यावयास सांगितले. तोवर बाहेर पावसाची सर कोसळू लागली होती व सायंकाळच्या जपमाळेस गावी पोहोचण्याचे लक्षण दिसेना. दुकानदार सज्जन, त्याने आपणहून स्वतःचा फोन पुढे केला. “फादर, गावी कळवा, उशीर होईल म्हणून.”

आम्ही फोन हाती घेतला आणि उभेच राहिलो. कोणाला लावावा? कोणाचाही क्रमांक आम्हांस येत नव्हता. कॉन्व्हेंटमधील सिस्टरांचा येईना, घंटा वाजविणाऱ्या सेवकाच्या मुलाचा येईना, बिशपस्वामींच्या निवासाचा येईना. आमच्या सख्ख्या बहिणीचा क्रमांकही आठवेना, जिच्याशी दर रविवारी बोलतो. मनात एकच क्रमांक उभा राहिला: पाच आकडी, आमच्या घराशेजारच्या वाण्याच्या दुकानातला. सेमिनरीत शिकत असताना महिन्यातून एकदा एस.टी.डी. बूथबाहेर रांगेत उभे राहून आम्ही तो फिरवीत असू, आणि वाणी हाक मारून आमच्या आईला बोलावून आणी. तो वाणी आता नाही, तो क्रमांक नाही, आणि आईही देवाघरी गेली आहे. जे पाठ केले होते तेवढेच उरले होते. दुकानदारास आम्ही फोन परत दिला. “राहू द्या,” म्हणालो. खरे कारण सांगावयाची लाज वाटली.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात प्लेटोचा ‘फीड्रस’ हा संवाद आम्हांस अभ्यासावयास होता. त्यात लेखनकलेच्या शोधाची एक मिसरी कथा येते. थ्यूथ नावाचा देव राजा थामस याच्यापुढे अक्षरे ठेवतो व म्हणतो, हे स्मरणशक्तीचे औषध आहे. राजा उत्तरतो की लोक लिहिलेल्यावर विसंबतील आणि मनात साठविणे सोडून देतील. तरुणपणी आम्हांस हा राजा जुनाट वाटला होता. आणि प्लेटोनेही ती तक्रार लिहूनच ठेविली, असा विनोद आम्ही वर्गात केला होता. बेळगावच्या त्या दुकानात आम्हांस राजाची आठवण झाली. २०११ साली बेट्सी स्पॅरो या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले होते. माहिती संगणकात जपून राहणार आहे असे ज्यांना वाटले, त्यांच्या ती कमी लक्षात राहिली. ती कोठे ठेविली आहे हे मात्र त्यांना अधिक चांगले आठवले. आमचेही तसेच झाले होते. आमचे सारे लोक कोठे ठेविले आहेत हे आम्हांस पक्के ठाऊक होते. ते दुकानदाराच्या टेबलावर, उघडून ठेविलेल्या फोनात होते.

आता प्रमादाची गोष्ट. फोन बंद आहे हे धर्मग्रामास कळविणे आमचे कर्तव्य होते. कसे कळवावे? गेली कित्येक वर्षे आमच्या सर्व सूचना धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर जात आल्या आहेत. म्हणजे आमचा फोन बिघडला आहे हे सांगण्याची आमच्यापाशी एकच वाट होती, आणि ती त्याच फोनातून जात होती. गुरुवारी सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही ही गोष्ट सांगितली. मिस्सेस नऊ माणसे होती. पूर्वी नऊ माणसांस सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत सर्व वाड्यांवर पोहोचत असे. आता तोंडी निरोप नेण्याची सवय त्यांचीही गेलेली. “फादर गटावर टाकतीलच,” असे त्या नवांपैकी प्रत्येकास वाटले असावे. एखादा मुलगा प्रत्येक वाडीवर धाडणे काही कठीण नव्हते. पण दोन दिवसांत फोन येईल, आणि रविवारी तर सारे येणारच आहेत, असा विचार करून आम्ही स्वस्थ बसलो. आमचा प्रमाद तो हाच.

शुक्रवारी रात्री धुवाधार पाऊस झाला. शनिवारी पहाटे सहाच्या सुमारास एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा चिखलाने माखून, अंगभर काट्यांचे ओरखडे घेऊन, आमच्या अंगणात उभा होता. पलीकडच्या वाडीवरील एका वृद्धाचा तो नातू. “फादर, रात्री अकरापासनं फोन लावालोय. लागेनाच. आजोबा लई अत्यवस्थ हैत.” खानापूर तालुक्यातील पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस सांगावयास नको, मोरी रात्री आठ वाजताच बुडाली होती व मोटारसायकल जाण्याजोगी नव्हती. जुनी पायवाट होती, साकवावरून येणारी, डांबरी रस्त्याच्या निम्म्या अंतराची. परंतु त्या वाटेने वर्षानुवर्षे कोणी आले नव्हते, आणि ती करवंदीच्या जाळ्यांनी बुजली होती. म्हणून घरची माणसे रात्रभर फोन लावीत राहिली. फोन लागेना तेव्हा फादर कोठे परगावी गेले असतील, असे त्यांनी धरले. पहाटे पाऊस थोडा थांबला, तेव्हा हा मुलगा कोणास न विचारता कोयता घेऊन पायवाटेने निघाला.

आम्ही पवित्र तेल घेऊन त्याच वाटेने त्याच्या मागून गेलो. पोहोचलो तेव्हा दिवस वर आला होता. वृद्ध गृहस्थ चारनंतर थोड्याच वेळाने निवर्तले होते. मुलगा वाटेत जाळ्या तोडीत होता त्याच वेळी. त्यांच्या सुनेने सांगितले की ते शेवटपर्यंत शुद्धीवर होते, आणि त्यांनी दोनदा विचारले होते, “फादर आले काय?”

मृतासाठी ज्या प्रार्थना म्हणावयाच्या त्या आम्ही म्हटल्या. त्यांच्या वृद्ध पत्नी भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी आमचा हात धरला व म्हणाल्या, “फादर, तुमची काय चूक? फोनच मेला हुता नव्हं.” आमचे सांत्वन करावयाची पाळी त्यांच्यावर आली, याहून मोठी शिक्षा आम्हांस कोणी करू शकला नसता. देवाची कृपा आमच्या फोनावर अवलंबून नाही, हे आम्ही जाणतो, शिकवितो, आणि त्या घरीही सांगितले. परंतु एका मरणाऱ्या माणसाने दोनदा विचारावे आणि हाकेच्या अंतरावर झोपलेला त्याचा धर्मगुरू न यावा, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

दफनविधीनंतर त्या वाडीवरील एक ऐंशी वर्षांचे काका आमच्याबरोबर मोरीपर्यंत चालत आले. त्यांनी आपल्या तरुणपणची रीत सांगितली. घरी कोणी अत्यवस्थ झाले की दोन माणसे निघत, एकाजवळ कंदील व दुसऱ्याजवळ काठी. वाटेतल्या घरांतून कोणी ना कोणी जागे होई, कोण आजारी म्हणून विचारी, आणि त्यांतला एखादा आजाऱ्याच्या घरी जाऊन बसे. फादर येईपर्यंत त्या घरी निम्मी वाडी जमलेली असे. “त्या वक्ताला फादर नाही भेटले तर आम्ही दुसऱ्या गावच्या फादरकडे जायचो. थांबत नव्हतो. आता फोन लागला नाही की माणूसच नाही असं वाटतंय बघा.”

काकांचे हे वाक्य आम्ही घरी येऊन वहीत लिहून ठेविले. फोनाचे व्यसन, फोनात जाणारा वेळ, मुलांचे डोळे, अभ्यासाची हानी, यांवर प्रवचने आम्ही पुष्कळ दिली आहेत. हे मात्र आमच्या कधी ध्यानी आले नव्हते. फोन हाती असतो तेव्हाचे परावलंबन सर्वांस दिसते. तो नसतो तेव्हा काय करावयाचे, हेच आपण विसरून गेलो आहो, हे दिसत नाही. एक वाट इतकी सोपी झाली की दुसऱ्या सर्व वाटांवर झुडपे उगवली. त्या रात्री मरणाऱ्याच्या घरी चार फोन होते आणि चारही चालू होते. त्या घराची शेजारची घरे मात्र शनिवारी सकाळपर्यंत काही जाणत नव्हती, कारण फोन लावण्याच्या नादात त्यांना हाक मारावयाचे कोणास सुचले नव्हते.

रविवारी आम्ही वेदीजवळून हे सर्व सांगितले व क्षमा मागितली. सोमवारी घंटा वाजविणाऱ्या आमच्या सेवकाच्या सुनेने आपला जुना, बटणांचा फोन आणून दिला; त्यात आमचे सिमकार्ड घातले, आणि निदान रात्रीअपरात्रीची हाक ऐकू येऊ लागली. पण त्या फोनात कोणाचे नाव नव्हते. घंटी वाजे, पलीकडून आवाज येई, “फादर, मी बोलतोय,” आणि आम्हांस ओळखू येत नसे. पडद्यावर नाव पाहून बोलण्याची सवय इतकी जडली होती की आवाज ओळखणारा कान निकामी झाला होता. “फादर, आवाज ओळखला नाही?” या प्रश्नातील दुखावलेपण आम्ही त्या आठवड्यात अनेकदा ऐकले. पाचव्या-सहाव्या दिवशी कान हळूहळू पुन्हा कामास लागला.

संध्याकाळ मात्र कठीण जाई. जेवण झाले की हात आपोआप खिशाकडे वळे. खिसा रिकामा आहे हे ठाऊक असूनही मांडीपाशी काही थरथरल्याचा भास होई. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले होते. प्रत्येक वेळी चोच मारल्यावर दाणा मिळण्याऐवजी तो केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर ते पाखरू थांबत नाही, मारीतच राहते. फोन उघडून पाहणाऱ्या आमच्या हाताची गत तीच होती. दहादा पाहिले तर नऊदा काही नसते. दहाव्या वेळी असते, म्हणून अकराव्या वेळीही हात जातो. आपण बातम्या वाचीत असतो असे आम्ही स्वतःस सांगत आलो होतो. वस्तुतः आम्ही चोच मारीत होतो.

त्या रिकाम्या संध्याकाळी आम्ही धर्मग्रामाच्या कुटुंबांची नोंदवही बाहेर काढली. एकशे बारा कुटुंबे. वही मिटून, प्रत्येक वाडीवरील घरे क्रमाने डोळ्यांपुढे आणून, नावे आठवावयाचा प्रयत्न केला. चार वर्षे आम्ही येथे आहो. घरधन्यांची नावे सत्तरच्या पुढे गेली नाहीत, आणि मुलांची तर निम्मीही नाहीत. कोण कोठे नोकरीस, कोणाच्या घरी अंथरुणास खिळलेले माणूस आहे, कोणाचे शेत गहाण पडले आहे, हे जे फोनातल्या टिपणांत होते ते मनात नव्हते. तेव्हा उरलेल्या दिवसांत रोज दुपारी छत्री घेऊन पायीच निघालो. एका वाडीवर घर सापडेना म्हणून विचारीत विचारीत गेलो, आणि त्या विचारण्यातच आणखी तीन घरांत बसणे झाले. एका घरी कळले की तेथील तरुणाची खानापुरातली नोकरी सुटून दोन महिने झाले आहेत. गटावर त्याचे शुभप्रभाताचे संदेश रोज येत होते, आणि आम्हीही त्यांना रोज हात जोडलेले चित्र धाडीत होतो.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, फोन परत आला. चालू करताच तो पाचेक मिनिटे थरथरत राहिला. एकूण एक हजार दोनशे शहाऐंशी संदेश होते. सगळे पाहावयास मध्यरात्र झाली. ज्यांना खरोखर उत्तर हवे होते असे त्यांत चौदा निघाले. त्या चौदांपैकी नऊ जण तोवर स्वतः येऊन गेले होते किंवा त्यांनी कोणाच्या हाती चिठ्ठी पाठविली होती. उरलेल्या पाचांचे मात्र खरेच नुकसान झाले होते. कुवेतला काम करणाऱ्या एका मुलास विवाहाच्या कागदपत्रांसाठी स्नानसंस्काराचा दाखला तातडीने हवा होता, आणि त्याचा एक आठवडा वाया गेला.

म्हणून फोनावर बहिष्कार घाला असे आम्ही सांगणार नाही. आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांची कर्ती मुले गोव्यात, पुण्यास वा आखातात आहेत. त्यांच्या आयांना मुलाचे तोंड रोज दिसते ते या यंत्राच्याच उपकाराने. २०२० सालच्या टाळेबंदीत चर्चची दारे मिटली होती, तेव्हा मिस्सा घरोघर पोहोचली ती याच वाटेने, आणि दवाखान्यात एकटे पडलेल्यांना आपल्या माणसांचे शब्द ऐकू आले तेही याच वाटेने. वाट चांगली आहे. ती एकुलती एक असू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक नियम केला. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो, आणि दीड तास घरोघरी फोन व टेलिव्हिजन बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा व मोठ्यांनी वाचन वा बोलणे करावे, असा संकेत सुरू झाला. आम्हांस त्यातली मोठी गोष्ट ही वाटते, की एकट्याने न करता ते गावाने मिळून केले. एकाने फोन बंद केला तर तो एकटा पडतो. सर्वांनी केला तर शेजार जागा होतो.

आम्ही आमच्या धर्मग्रामात चार लहान गोष्टी ठरविल्या आहेत. प्रत्येक वाडीवर दोन माणसे नेमली आहेत. रात्री फोन लागला नाही तर अर्ध्या तासाहून अधिक वाट न पाहता त्यांनी पायी निघावयाचे. ती नसतील तर जो कोणी चर्चपाशी पोहोचेल त्याने घंटा वाजवावी. रात्रीच्या घंटेबद्दल कोणी रागावणार नाही. प्रत्येक घराने दहा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीस लावावे, आणि घरातील मुलांनी त्यांतले पाच पाठ करावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ते म्हणवून घेतो, आणि आमचेही म्हणून दाखवितो. आणि घरी कोणी अत्यवस्थ झाले तर पहिली हाक शेजाऱ्याला, दुसरी फोनाला. आमच्यापुरते म्हणाल तर गजराचे घड्याळ विकत घेतले आहे, प्रार्थनाग्रंथाच्या फिती रोज पुढे सरकत आहेत, आणि फोन रात्री बाहेरच्या खोलीत असतो, घंटी ऐकू येईल पण हात पोहोचणार नाही अशा बेताने. कधीकधी हात अजूनही खिशाकडे जातो. खोटे कशास बोला?

पावसाळा ओसरल्यावर, त्या वृद्ध गृहस्थांच्या स्मरणार्थ घरी मिस्सा होती, तेव्हा आम्ही पायवाटेने गेलो. वाडीवरील तरुणांनी दोन रविवार खपून जाळ्या तोडल्या होत्या, आणि साकवाची कुजलेली फळी बदलली होती. पुढे तोच मुलगा चालत होता. या खेपेस त्याच्या हाती कोयता नव्हता. घर दिसू लागले तेव्हा त्याने खिशातून फोन काढला, क्षणभर पाहिले, आणि पुन्हा खिशात ठेविला. मग तोंडाशी हात धरून त्याने मोठ्याने हाक दिली, “आजी, फादर आले.”